फोन बघत होतो, तेवढ्यात अख्खी गच्ची उजळली

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं की "तू सारखं उल्का उल्का करतोस, त्यातला रंगीत प्रकार खरंच दिसतो का, की ते सगळं फोटोशॉप असतं?" तर आजचा एपिसोड त्यावरच. आणि आधीच कबूल करतो, आजच्या गोष्टीत मी थोडा मूर्ख ठरणार आहे.

गोष्ट आहे १४ डिसेंबर २०२३ची. गुरुवारची रात्र. जेमिनिड्स नावाचा उल्कावर्षाव दर वर्षी डिसेंबरच्या मध्यावर येतो, आणि त्या वर्षी योग भारी जुळून आला होता. एक तर अमावस्या नुकतीच होऊन गेली होती, म्हणजे चंद्राची कटकट नाही. दुसरं म्हणजे वर्षावाचा भर आपल्या वेळेनुसार मध्यरात्रीच्या आसपास येणार होता. असं दर वर्षी होत नाही. कधी आपल्याकडे भर दुपार असते तेव्हा तिकडे अमेरिकेत लोक मजा बघत असतात.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. पुण्याहून आम्ही चौघं निघालो, तीन ऑफिसचे आणि एक कॉलेजची मैत्रीण. गाडीत सतरंज्या, थर्मास, वेफर्स. सगळ्यांची कल्पना अशी की मस्त शेतात जाऊन झोपायचं, वर बघायचं. बाबांनी ऐकूनच हात जोडले. "शेतात? उसाच्या शेजारी? बिबट्याला आमंत्रण द्यायचंय का?" आमच्या भागात हा विनोद नाही बरं का. रात्री उसाच्या कडेला कोणी आडवं पडत नाही. त्यामुळे आमची वेधशाळा म्हणजे घराची गच्ची. खाली कुत्रा, वर आम्ही.

तर आधी जरा समजून घेऊ की आपण काय बघायला गेलो होतो.

साधी उल्का म्हणजे अवकाशातला एक कण. वाळूएवढा, बाजरीच्या दाण्याएवढा. तो वातावरणात शिरतो आणि जमिनीपासून साधारण शंभर किलोमीटर उंचीवर चमकून संपतो. जेमिनिड्सचा वेग सेकंदाला ३५ किलोमीटर. म्हणजे जुन्नरहून पुण्याला अडीच सेकंदांत. आपण जे ट्रॅफिकमध्ये तीन तास घालवून येतो ते. या वेगाने आल्यावर हवेचे रेणू त्या कणावर असे आदळतात की त्याचा पृष्ठभाग उकळून वाफ होतो. आपल्याला दिसतो तो या वाफेचा आणि आजूबाजूच्या हवेचा उजेड. दगड निखाऱ्यासारखा लाल होऊन चमकतो असं आपण समजतो, तसं ते नाही. उजेड मुख्यतः त्या तापलेल्या वायूचा असतो. हे लक्षात ठेवा, कारण रंगाची सगळी गंमत यातच आहे.

मग फायरबॉल कशाला म्हणायचं? मराठीत अग्निगोल हा छान शब्द आहे. ढोबळ नियम असा की जी उल्का शुक्रापेक्षा तेजस्वी ती अग्निगोल. शुक्र तुम्ही बघितलेला आहे, संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला जो इतका चमकतो की लोकांना विमान वाटतं, तोच. आणि एवढा उजेड पाडायला केवढा दगड लागतो? जेमिनिडच्या वेगाने येणारा असेल तर गोटीएवढा खडा पुरतो. जमीन उजळून टाकणारी असली तरी ती वस्तू मुठीत मावेल एवढीच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. वीस-तीस गावांना दिसणारा उजेड, आणि त्यामागे एक लिंबू!

जेमिनिड्सचं आणखी एक वेगळेपण आहे. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून होतात. हा मात्र ज्या वस्तूमुळे होतो ती दिसायला लघुग्रहासारखी आहे. तिचं नाव फेथॉन. १९८३ मध्ये आयरास या उपग्रहाच्या निरीक्षणांत ती सापडली, आणि लगेचच लक्षात आलं की तिची कक्षा आणि जेमिनिड्सची कक्षा एकच आहे. हा फेथॉन साधारण पाच-सहा किलोमीटरचा. दीड वर्षाच्या आतच सूर्याभोवती एक फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत बुधापेक्षाही आत, सूर्याच्या अगदी जवळ जाऊन येतो. त्यामुळे जेमिनिड्सचे खडे धूमकेतूच्या भुसभुशीत धुळीपेक्षा जास्त घट्ट असतात. भाजलेल्या विटेसारखे म्हणा. आणि वेग मध्यम. दोन्ही मिळून काय होतं, तर उल्का झटकन विझत नाही, जरा वेळ दिसते. "अरे ते बघ" म्हणेपर्यंत दिसते. ऑगस्टच्या पर्सिड्सचा वेग सेकंदाला ५९ किलोमीटर आहे. "अरे" म्हणेपर्यंत गेली.

तसंही पर्सिड्सचं आपण काय घेऊन बसलोय. दर ऑगस्टमध्ये सगळ्यांच्या स्टेटसला "आज रात्री आकाशात आतषबाजी" असतं आणि वर बघावं तर सह्याद्रीवर असा ढग बसलेला असतो की चंद्र कुठे आहे तेही कळू नये. ती बातमी युरोप-अमेरिकेतली असते, आपल्याकडे फक्त फॉरवर्ड होऊन येते. महाराष्ट्रातल्या माणसाचा खरा उल्कावर्षाव म्हणजे जेमिनिड्स. थंडी, कोरडी हवा, निरभ्र आकाश.

तर परत गच्चीवर. दहा वाजता आम्ही आडवे झालो. मिथुन राशी पूर्वेला चांगली वर आली होती. पुनर्वसूचे दोन तारे आहेत ना, शेजारीशेजारी, जुळ्या भावांसारखे? त्यातल्या एकाजवळून जेमिनिड्स येताना दिसतात. म्हणजे पावसात घाटात गाडी चालवताना हेडलाइटच्या उजेडात सगळे थेंब समोरच्या एकाच ठिकाणाहून आपल्याकडे येतायत असं वाटतं, तसंच. खरं तर ते समांतर असतात. पण म्हणून मिथुनेकडेच टक लावून बघायचं नाही. तिथे उल्का आखूड दिसतात. जरा बाजूला, मृगाकडे, रोहिणीकडे, किंवा उलट दिशेला बघायचं. आकाशाचा जो भाग सगळ्यात काळा असेल तो धरायचा.

आणि एक भ्रमनिरास आत्ताच करतो. तुम्ही कुठेतरी वाचाल "तासाला १५० उल्का". तो आकडा आदर्श परिस्थितीचा असतो. आकाश पूर्ण अंधारं, उद्गमबिंदू बरोबर डोक्यावर. प्रत्यक्षात गावाकडच्या बऱ्यापैकी अंधारात तासाला चाळीस-पन्नास दिसल्या तर आपण खूश. पुण्यात सोसायटीच्या टेरेसवरून पाच-दहा. आम्ही चौघांनी मिळून दोन वाजेपर्यंत एकशे साठच्या वर मोजल्या. त्यात साधारण पांढऱ्या, बारीक रेघा जास्त. काही पिवळट. एक-दोन अशा की सगळ्यांनी एकदम "ओऽऽ" केलं.

आता माझा मूर्खपणा.

त्या आठवड्यात मी ऑन-कॉल होतो. आयटीवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो की सर्व्हर रात्री आजारी पडला तर डॉक्टर मी. सव्वाबाराच्या सुमारास फोन थरथरला. मी कुशीवर वळलो, फोन काढला, स्क्रीनचा ब्राइटनेस कमी केला आणि वाचू लागलो. कुठल्याशा मशीनची डिस्क ८० टक्के भरली होती. म्हणजे काहीच झालेलं नव्हतं. सकाळी बघितलं असतं तरी चाललं असतं.

आणि त्याच क्षणी गच्ची उजळली.

वीज चमकल्यासारखी, पण वीज लपलपते तशी नाही. एक सेकंद, दीड सेकंद, उजेड वाढत गेला आणि गेला. माझ्या समोर गोधडी होती, आणि त्या गोधडीवर मला माझ्या हाताची आणि फोनची सावली दिसली. ती सावली सरकली. हिरवट उजेडात काळी सावली, डावीकडून उजवीकडे. मागे तिघं किंचाळत होते. मी मान वळवेपर्यंत वर फक्त एक धुरकट पांढरी रेघ उरली होती, तीही काही सेकंदांत विरली. आणि फोनमुळे डोळे असे दिपलेले की ती रेघही मला नीट दिसली नाही.

त्या रात्रीची, कदाचित त्या अख्ख्या वर्षाची सगळ्यात मोठी उल्का. त्यातली मी बघितली ती माझी सावली.

पुढचा एक तास ते तिघं आपसात भांडत होते. एक म्हणतो हिरवी होती, शेवटी केशरी झाली. मैत्रीण म्हणते निळी होती. तिसरा म्हणतो पांढरीशुभ्र, तुम्हाला भास झाले. आणि गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत असू शकतात. का ते सांगतो.

तुमच्या घरी भात उतू जातो कधी? मीठ घातलेली पेज गॅसवर सांडली की निळी ज्योत भसकन पिवळी होते. ते मिठातलं सोडियम. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू तापले की आपापल्या ठरलेल्या रंगाचा उजेड देतात. दिवाळीच्या फटाक्यांत हेच असतं. हिरव्यासाठी बेरियम, लालसाठी स्ट्रॉन्शियम, निळ्यासाठी तांबं. उल्केत फटाक्याची दारू नसते, पण दगडात जे असतं ते वाफ होऊन चमकतं. मॅग्नेशियम असेल तर निळसर हिरवा, सोडियमचा केशरी-पिवळा, लोखंडाचा पिवळसर, कॅल्शियमचा जांभळट. त्यात वरून आपल्या हवेचा वाटा. नायट्रोजन आणि ऑक्सिजन लालसर छटा देतात. आणि खूप वेगवान उल्कांच्या सुरुवातीला ऑक्सिजनचाच एक वेगळा हिरवा रंग दिसतो. म्हणजे हिरवी उल्का दिसली की लगेच "यात अमुक धातू आहे" असं छातीठोक सांगू नका. धातू असेल, नाहीतर आपली हवाच असेल.

जेमिनिड्समध्ये यातला एक बारकावा मला फार आवडतो. त्यांच्यातल्या बऱ्याच उल्कांच्या वर्णपटात सोडियम कमी सापडतं. कारण? ते खडे फेथॉनच्याच वाटेने सूर्याजवळून पुन्हा पुन्हा जातात आणि त्या भाजण्यात सोडियम आधीच उडून जातं. ते सगळ्यात लवकर उडणाऱ्यांपैकी आहे. म्हणजे डोक्यावरून दीड सेकंदात गेलेल्या उजेडाच्या रंगावरून तो खडा आधी सूर्याच्या किती जवळ जाऊन आलाय याचा माग काढता येतो. आम्ही लॉग फाइल बघून सर्व्हरला काल काय झालं ते शोधतो, तसंच हे.

मग तिघांना तीन रंग का दिसले? अंधारात आपण डोळ्यांतल्या ज्या पेशींनी बघतो त्यांना रंग कळत नाही. म्हणून मंद उल्का सगळ्यांना पांढऱ्याच दिसतात. रंग ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या, त्यांना भरपूर उजेड लागतो. उल्का पुरेशी तेजस्वी झाली तरच त्या जाग्या होतात. म्हणूनच रंग बघायचा तर अग्निगोलच हवा. पण तो फार तेजस्वी झाला की डोळा दिपतो आणि परत सगळं पांढरं वाटतं. शिवाय रंग वाटेत बदलतो. एकाने सुरुवात बघितली, एकाने मधला स्फोट, एकाने शेवट. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आहे ती. कॅमेऱ्याला मात्र ही अडचण नसते, म्हणून फोटोत रंग जास्त भडक दिसतात. तर प्रश्नाचं उत्तर: फोटोशॉप असतंच असं नाही, पण डोळ्यांना दिसतं ते त्यापेक्षा सौम्य.

पहाटे तीनला सगळे झोपले. शुक्रवारी सकाळी गरम पोहे खाऊन मंडळी पुण्याला पळाली, लॅपटॉप उघडायचे होते. मी तिथेच थांबलो, वर्क फ्रॉम होम. दिवसभर ती सावली डोक्यातून जाईना. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं नाही बघितलास. तारा तुटताना बघू नये, कोणीतरी गेलेलं असतं." हे आपल्याकडे किती घरांत म्हणतात! आजकालच्या पोरांनी सिनेमे बघून ते उलटं केलंय, तारा तुटला की डोळे मिटून इच्छा मागायची. दोन्हींत एक गोष्ट समान आहे, उल्का बघायची नाही. डोळे मिटल्यावर काय दिसणार?

संध्याकाळी मी वाचत बसलो होतो, त्यात एक गोष्ट सापडली. जेमिनिड्सच्या प्रवाहात बारीक कण आणि मोठे खडे एकसारखे मिसळलेले नाहीत. पृथ्वी आधी बारीक कणांच्या भागातून जाते, मोठे खडे नंतर. त्यामुळे भर ओसरल्यावर उल्कांची संख्या धडाधड कमी होते, पण ज्या येतात त्यात तेजस्वी उल्कांचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे आज रात्री गर्दी नसेल, पण मोठी एखादी सुटू शकते.

जेवताना मी म्हटलं, "बाबा, आज परत वर झोपतोय. येता का?" बाबा रात्री नऊला झोपणारा माणूस. माझ्या कुठल्या छंदात त्यांनी कधी फारसा रस घेतलेला नाही, माझं काम नक्की काय आहे हेही त्यांना मी तीनदा सांगितलंय. पण का कोण जाणे, कानटोपी घालून वर आले.

या वेळी मी फोन सायलेंट केला, पालथा घातला आणि उशीखाली ठेवला. ऑन-कॉल एका मित्राच्या गळ्यात मारला होता, त्याला बदल्यात दोन शनिवार कबूल करून. फक्त एक केलं, व्हॉइस रेकॉर्डर चालू ठेवला. ही युक्ती लिहून घ्या. उल्का दिसली की फोन बघायचा नाही, नुसतं मोठ्याने बोलायचं: "आत्ता, मृगाकडून पश्चिमेला, पिवळी." वेळ आपोआप नोंदली जाते. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि स्क्रीनकडे एकदा बघितलं की ती कमाई पाण्यात. उजेड लागलाच तर बॅटरीवर लाल जिलेटिन कागद दोन-तीन पदरी बांधा. गणपतीच्या मखरातून उरलेला चालतो.

पहिला तासभर जेमतेम आठ-दहा दिसल्या. बाबा गप्प. मला वाटलं झोपले. मग एकदम म्हणाले, "अठ्ठ्याण्णव साली पण पेपरात आलं होतं, ताऱ्यांचा पाऊस पडणार म्हणून."

मला माहीत होतं ते काय सांगतायत. नोव्हेंबर १९९८. लिओनिड्स. टेम्पल-टटल नावाचा धूमकेतू दर ३३ वर्षांनी येतो, त्याच्या धुळीचा हा वर्षाव. १८३३ साली अमेरिकेत याचं असं काही वादळ झालं होतं की लोकांना जगबुडी आली असं वाटलं. १९९८ला धूमकेतू नुकताच येऊन गेला होता, म्हणून जगभर अपेक्षा होती. अंदाज होता १७ तारखेच्या रात्रीचा, आपल्या वेळेनुसार मध्यरात्र उलटल्यावर.

बाबा म्हणाले, "सगळी आळी बाहेर. म्हाताऱ्या, पोरंबाळं. तू तुझ्या आईच्या पोटात पण नव्हतास. चार-पाच दिसले असतील. लोकांनी पेपरवाल्याला शिव्या घातल्या आणि झोपले."

मी म्हटलं, "बाबा, आदल्या रात्री बघायला हवं होतं तुम्ही. खरे फायरबॉल आदल्या रात्री पडले."

हे खरं आहे. १६ आणि १७ नोव्हेंबरच्या मधल्या रात्री, अंदाजाच्या सोळा-अठरा तास आधी, जगभर अग्निगोलांचा नुसता मारा झाला. कोणाच्या ध्यानीमनी नसताना. नंतर हिशोब लागला की ते मोठे खडे धूमकेतूतून १३३३ साली सुटलेले होते, दिल्लीवर मुहम्मद तुघलक होता तेव्हा. गुरूच्या गुरुत्वाकर्षणाने त्यांना कक्षेत एकत्र धरून ठेवलं होतं, त्यामुळे साडेसहाशे वर्षं ते विखुरलेच नाहीत.

बाबा उठून बसले. "आदल्या रात्री? म्हणजे सोळाची पहाट... नाही, सतराची?"

"हो. सतराची पहाट."

थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "रात्रीची लाईट होती तेव्हा. मी कांद्याला दारं धरत होतो. पहाटे चार-साडेचार झाले असतील. एकदम असा उजेड पडला की सऱ्यांतलं पाणी दिसलं. मला वाटलं डीपी उडाली. खोरं टाकून डीपीकडे पळालो. डीपी व्यवस्थित, मोटार चालू. परत आलो तर तेवढ्यात पाणी फुटलं होतं. मग एक बारकी परत तशीच. मी म्हटलं कुठेतरी तारेला तार लागते आहे. वर बघितलंच नाही."

पंचवीस वर्षं त्या माणसाच्या डोक्यात ती डीपीच होती.

मी त्यांना कालची सावलीची गोष्ट सांगितली. ते हसले. फार हसले. "म्हणजे तू मोबाईल बघत होतास आणि मी खाली पाणी."

आता इथे मला एक सावधगिरीची गोष्ट सांगू द्या, कारण दर वेळी विचारलं जातं. आकाशात चमकत जाणारी प्रत्येक गोष्ट उल्का नसते. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवते? विदर्भात आणि उत्तर महाराष्ट्रात लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या तुकड्यांची रांग बघितली. सगळीकडे उल्कावर्षाव म्हणून व्हिडिओ फिरले. तो चीनच्या रॉकेटचा भाग होता. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला तर धातूचं मोठं कडं पडलेलं सापडलं. ओळखायचं कसं? वेगावरून. रॉकेटचा कचरा सेकंदाला आठ-एक किलोमीटरने येतो. तो रांगत जातो, तुकडे तुकडे होत, आणि तुम्हाला फोन काढून कॅमेरा उघडून व्हिडिओ घ्यायला वेळ मिळतो. म्हणूनच त्याचे व्हिडिओ शेकडो निघाले. जेमिनिड तेवढी मुभा देत नाही. आणि सकाळी शेतात दगड शोधत फिरू नका. वर्षावातल्या उल्का वरच संपतात, खाली साधारणपणे काही पोचत नाही.

आवाजाचंही तसंच. फार मोठा अग्निगोल खूप खाली आला तर गडगडाट ऐकू येऊ शकतो, पण ध्वनीला यायला मिनिटं लागतात. २०१३ साली रशियात चेल्याबिन्स्कला लोक उजेड बघून खिडकीशी गेले, आणि मग धक्क्याची लाट आली. बरेचसे जखमी फुटलेल्या काचांनी झाले. तेव्हा मोठा उजेड दिसला तर खिडकीपासून लांब व्हा आणि मनात आकडे मोजा.

असो. एक वाजून गेला. दव पडायला लागलं होतं. माझेच डोळे मिटत होते. बाबा मात्र टक्क जागे, डोक्याखाली हात घेऊन.

पुनर्वसू डोक्यावर आले होते. ती निघाली तिथूनच जवळून, आणि सुरुवातीला बाकीच्यांसारखीच होती. बारीक, पांढरी. मग वाढली. व्याधाच्या वरून जाताना ती शुक्राएवढी झाली, मग त्याच्या कितीतरी पट. निळसर हिरवा गोळा, आणि मागे केशरी शेपटी, खरीखुरी, तुटक तुटक. दक्षिणेला डोंगराच्या वर ती एकदा भपकली, तिचे दोन तुकडे झाले आणि विझली. सगळं मिळून दोन सेकंद. रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज नाहीच. फक्त बाबांचा आहे. "आरारारारा."

आणि मग बरंच नुसतं कुत्र्याचं भुंकणं.

सकाळी मी इंटरनॅशनल मीटिअर ऑर्गनायझेशनच्या साइटवर फायरबॉलचा फॉर्म भरायला बसलो. तुम्हाला दिसली तर तुम्हीही भरा, दुर्बीण-बिर्बीण काही लागत नाही. कुठे होतात, किती वाजता, कुठल्या दिशेला सुरू झाली, कुठे संपली, किती वर, किती सेकंद, तुकडे झाले का, आवाज आला का. उंची मोजायला हात पुढे ताणून मूठ धरा, ती साधारण दहा अंश, आणि वीत साधारण वीस. लांबलांबच्या गावांतल्या लोकांनी एकच उल्का कळवली की तिचा वातावरणातला मार्ग काढता येतो. माझ्या एकट्याच्या नोंदीला तसा फार अर्थ नाही, आणि म्हणूनच हा एपिसोड करतोय. आपल्याकडे वर बघणारे कमी आहेत असं नाही, कळवणारे कमी आहेत. सोबत कोणी हवं असेल तर पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासून. मुंबईत खगोल मंडळ आहे. रात्रभराचे कार्यक्रम होतात, नवख्यांना सांभाळून घेतात. आणि माझ्यासारखे कोडवाले ऐकत असतील तर रास्पबेरी पाय आणि एक छोटा कॅमेरा लावून गच्चीवरून रोज रात्री उल्का टिपणारं जगभरचं जाळं आहे, ग्लोबल मीटिअर नेटवर्क. त्याचं सॉफ्टवेअर खुलं आहे, पायथॉनमध्ये आहे. माझा कॅमेरा अजून बसलेला नाही, कारण गच्चीवर वायर कुठून न्यायची यावर आईशी बोलणी चालू आहेत.

तर फॉर्म. शेवटी रंगाचा रकाना आला. बाबा चहा घेत शेजारी बसले होते. मी विचारलं, "बाबा, रंग काय टाकू? हिरवा की निळा?"

त्यांनी विचार केला. आमची थोडी द्राक्षबाग होती पूर्वी, फवारणीचं सगळं तेच बघायचे.

"मोरचूद," ते म्हणाले. "मोरचूद पाण्यात कालवल्यावर होतो ना, तसा."

मी म्हटलं तो पर्याय यात नाहीये.

"मग हिरवा टाक," ते म्हणाले. आणि कप खाली ठेवताना, "कांद्याच्या पाण्यात पडला होता तो उजेड पण असाच होता बघ."